साळव्यांचा पुकारा

डोंगरात कुणी मागे राहू नये म्हणून बाकीची ट्रेकिंगची मंडळं डोकी मोजतात. आमच्या मंडळात पुकारा होतो. म्हणजे भर रानात एक सहा फुटी गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभे राहतात, छाती भरून श्वास घेतात आणि ओरडतात, "अलका निवृत्ती दरेकर, हाजिर हैऽऽ?" झाडावरचे पक्षी उडतात. मी दचकते. इतकी वर्षं दचकते आहे, पण सवय होत नाही. आपल्यावर आरोप काय आहे हे कळायच्या आत आपण "हजर" म्हणून मोकळे होतो आणि मग आठवतं की आपण फक्त फिरायला आलोय.

हे आमचे साळवे काका. नगरच्या कोर्टात शिपाई होते. शिपाई म्हटलं की लोकांना चहाचे कप दिसतात, पण साळव्यांकडे पुकाऱ्याचं काम होतं. केस निघाली की दाराबाहेर यायचं आणि पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आला नाही तर पुढचं साहेब बघतात. नोकरी संपली, आवाज मात्र तसाच राहिला. बायको होती तोवर ती कानाला पदर लावून निभावून न्यायची. ती गेल्यावर मुलगा पुण्याला, आणि घरात हे एकटे. शेजाऱ्यांचं म्हणणं असं की काकांनी भाजीवाल्याला हाक मारली की पलीकडच्या गल्लीतला भाजीवालाही येऊन उभा राहतो. कुणीतरी शहाणपणाने त्यांना आमच्या मंडळात आणून सोडलं.

आमचे सेक्रेटरी बोराशेठ, कापडाच्या दुकानाचे मालक, बोट नाचवत डोकी मोजत होते. साळव्यांना ते पहिल्याच दिवशी बघवलं नाही. "शेठ, ही मानसं हायेत का मेंढरं?" असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे प्रत्येकाला पूर्ण नाव विचारलं, वडिलांच्या नावासकट. एकदा विचारलेलं नाव ते विसरत नाहीत. माझे वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण महिन्यातून एका रविवारी निवृत्ती दरेकर हे नाव कुठल्या ना कुठल्या डोंगरावर गाजतंच. मला ते आवडतं. मी हे साळव्यांना कधी सांगितलेलं नाही, नाहीतर ते तेवढाच भाग दोनदा ओरडतील.

बोलणंही सगळं कोर्टाचं. पाऊस आला आणि चढाई रद्द झाली की "तारीख पडली." चढावर कुणी दम खायला बसला की "यांना मुदत पायजे." जेवायच्या वेळी डबे उघडताना "मुद्देमाल हजर करा." आणि वाट विचारल्यावर "आलंच, अगदी जवळ आहे" असं सांगणारा वाटाड्या तासाभराने तेच वाक्य पुन्हा म्हणाला, की साळवे आमच्याकडे वळून गंभीरपणे म्हणतात, "साक्षीदार फुटला." डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी अशी सगळी मंडळी हल्ली घरीसुद्धा हीच भाषा बोलतात. बोराशेठच्या सूनबाईंनी एकदा मला विचारलं होतं, "आमचे पप्पा ताटावर बसल्यावर मुद्देमाल का मागतात?"

या पुकाऱ्याने एकदा मोठी धमाल केली. नगरजवळच्याच मांजरसुंब्याच्या डोंगरावर होतो. साळव्यांनी दोन-तीन नावं घेतली असतील, तेवढ्यात खालच्या गवतातून एक माणूस हातात विळा घेऊन धापा टाकत वर आला. "आलो, आलो सायेब!" विळा खाली टाकून त्याने हात जोडले. "सायेब, आमची तारीख तर दिवाळीनंतर हुती ना? मला कागुद न्हाई आला."

त्याचा चुलतभावाशी बांधावरून वाद होता आणि नगरच्या कोर्टात खेटे घालून घालून हा आवाज त्याच्या हाडात बसला होता. डोंगरात तोच आवाज ऐकून त्याला वाटलं, कोर्टच जागा बघायला आलं. आमच्या ट्रेकिंगच्या टोप्या आणि काठ्या बघूनही त्याची शंका फिटेना. साळव्यांनी मात्र त्याला बघताक्षणी ओळखलं. "विठ्ठल लक्ष्मण! तू इथं कुठं रं?" मग त्याला आमच्यात बसवून जेवायला घातलं. त्याने सगळी हकिगत सांगितली आणि जेवण होईस्तोवर आम्ही एकमताने निकाल त्याच्या बाजूने दिला. तो गेल्यावर साळवे म्हणाले, "दुसरी बाजू ऐकलीच न्हाई तुमी."

बोराशेठना हे सगळं जरा जुनाट वाटायचं. नवीन मुलंमुली मंडळात येत होती, त्यांना आपल्या बापाचं नाव रानात ऐकून हसू यायचं. म्हणून शेठनी एकदा नंबर काढले. ज्याने त्याने आपला नंबर ओरडायचा, की झालं. साळवे बाजूला एका दगडावर बसले. "नंबर कैद्याला असतो, शेठ," एवढंच म्हणाले. पहिल्याच चढाईला दोन जण सात नंबरचे निघाले, चार नंबर कुणीच नव्हता आणि खुद्द शेठ स्वतःचा नंबर विसरले. संध्याकाळी परत पुकारा सुरू झाला.

आता त्यांचं एक वैगुण्य सांगते. साळव्यांना कुजबुजता येत नसे. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. शांतता राखा, ही पाटी माझ्या टेबलामागे आहे आणि तीच माझी नोकरी आहे. एकदा भर परीक्षेच्या दिवसांत साळवे वाचनालयात आले, माझ्या टेबलावर वाकले आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे हळूच म्हणाले, "मॅडम, वैशाली मॅडमचं आता काय लावायचं?" सगळ्या मुलांनी पुस्तकातून माना वर केल्या.

वैशाली आमच्या मंडळातली. दातांची डॉक्टर. तिचा घटस्फोट झाला होता आणि मधे वर्षभर ती आलीच नव्हती. त्या रविवारी येणार होती. पुकाऱ्यात इतकी वर्षं तिच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लागायचं. मी म्हटलं, "तिलाच विचारा, आणि कृपा करून बाहेर जाऊन विचारा." त्यांनी व्हरांड्यातून फोन लावला, तो अर्थात आतही ऐकू आला. रविवारी डोंगराच्या पायथ्याशी वैशाली सगळ्यांपासून जरा लांब, बुटाच्या नाड्या पुन्हा पुन्हा बांधत उभी होती. "वैशाली सुमन कर्डिले, हाजिर हैऽऽ?" सुमन तिची आई. ती लगेच "हजर" म्हणाली. साळव्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आणखी दोनदा तेच नाव पुकारलं. वाटेत मी विचारलं, ती पहिल्यांदाच हजर म्हणाली होती, मग परत कशाला? "ती हजर हुती," साळवे म्हणाले. "बाकीच्यांच्या कानावर बसाया पायजे हुतं." त्या दिवशी वैशालीला कुणी काहीही विचारलं नाही.

दसरा झाला की आमचा खरा हंगाम सुरू होतो. पाऊस ओसरलेला, गवत अजून उभं, ऊन कोवळं. या हंगामात एक रविवार बेटाचा असतो. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात एका धरणाच्या पाण्यात हे बेट आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती साधी टेकडी असते, शेळ्या पायी जाऊन चरून येतात. धरण भरलं की चारी बाजूंनी पाणी आणि मधे हिरडा, जांभूळ आणि करवंदीचं गच्च रान. होडीने जायचं, पायवाटेने वरपर्यंत चढून जेवायचं, पलीकडून उतरायचं आणि परत यायचं. साळव्यांची ही सगळ्यात लाडकी चढाई. "चारी बाजूला पानी. पक्षकार पळून जाईल कुठं?"

यंदा पावसाळ्यातच त्यांचा आवाज बसला. आधी ते हवेला नावं ठेवत होते. खिशात ज्येष्ठमध आणि खडीसाखर असायची, ती आम्हालाही वाटायचे. मग एका दुपारी ते वाचनालयात आले, टेबलासमोर उभे राहिले आणि त्यांचे ओठ हलले. मला काहीच ऐकू आलं नाही. क्षणभर वाटलं, आपलेच कान गेले. मी उठून त्यांच्याजवळ गेले.

"घशात गाठ हाय," ते म्हणाले. वाळक्या पाल्यावर पाय पडावा तसा आवाज होता. "दिवाळी झाल्यावर पुन्याला काढायची. तवर बोलू नका म्हनले."

"आणि काढल्यावर? आवाज?"

त्यांनी हात उपडा केला. "आला तर आला. डॉक्टर काय बी सांगत न्हाई."

मला भीती वाटली. गाठीची वाटलीच, पण त्याहून त्या गप्पपणाची जास्त वाटली. हा माणूस एकटा राहतो. त्याचा आवाज काढून घेतला तर त्याच्यापाशी काय उरतं, हा विचार माझ्या मनात आला आणि तोच त्यांच्याही मनात आहे हे तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी उगाच विचारलं, "मग बेटावर?"

"येनार. पुकारा तुमी करायचा."

"मी? अहो, माझा जन्म लोकांना गप्प बसवण्यात गेला."

"तुमी पुस्तकं लावता. एकाच्या जागी दुसरं जात न्हाई. नाव चुकायचं न्हाई तुमच्याकडनं. आवाजाचं काय, आवाज काढता येतो."

मग कॉलेजच्या मागे, सायकल स्टँडवर माझी शिकवणी सुरू झाली. गुरुजींना बोलायला बंदी, त्यामुळे सगळं खाणाखुणांनी. पोटावर हात ठेवून ते दाखवत, इथून काढा. घशाकडे बोट करून मान हलवत, इथून नको. हात हळूहळू वर नेत आणि मनासारखा आवाज निघेस्तोवर खाली आणतच नसत. तिसऱ्या दिवशी मी डोळे मिटून, लाज गुंडाळून ठेवून असं काही ओरडले की गेटवरचा वॉचमन पळत आला. "मॅडम, काय झालं? कोन घुसलं का आत?" साळवे पोट धरून हसत होते. आवाज न करता हसणारे साळवे मी पहिल्यांदाच पाहिले आणि ते बघणं मला जड गेलं.

बेटाच्या दिवशी पहाटे नगरला गाडीपाशी माझा पहिला पुकारा झाला. तो फसला. बोराशेठ म्हणाले, "मॅडम, पुन्हा एकदा. या वेळी कपाटाबाहेर ऐकू जाईल असं." सगळे हसले. साळव्यांनी शेठकडे असं काही बघितलं की शेठनी गाडीत शिरून पडदा ओढून घेतला. राजूरला चहा-पेढ्याला थांबलो तिथे दुसरा पुकारा केला. हॉटेलवाल्याने हातातला झारा तसाच धरून मान वळवली. साळव्यांनी मान हलवली, बरं आहे. धरणाच्या काठावर तिसरा. या वेळी होडीवाला होडीतून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आता मला बी हजर म्हनू वाटाया लागलं." मला स्वतःचा अभिमान वाटला, तो मी लपवणार नाही.

बेटावर मात्र सगळं जरा अळणी चाललं होतं. सोनकी फुलून वाट पिवळी झाली होती, हवा छान होती, पण मागून कुणी मुदतीचं बोलत नव्हतं, की साक्षीदार फोडत नव्हतं. साळवे नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे, गळ्याला मफलर गुंडाळून, एक हात गळ्याशी. मधेच बोराशेठ खडकावर बसले आणि मोठ्याने म्हणाले, "आम्हाला मुदत पाहिजे!" त्यांनी आशेने मागे बघितलं. साळव्यांनी बोट हलवून अर्ज फेटाळला. सगळे एवढे हसले की शेठ खरंच उठून चालायला लागले. जेवायच्या वेळी साळव्यांनी चमचा डब्याच्या झाकणावर वाजवला आणि मुद्देमाल हजर झाला. वैशालीने त्यांच्यासाठी घरून पातळ खिचडी आणली होती. ती त्यांनी निमूटपणे खाल्ली.

पलीकडून उतरून काठावर आलो. ऊन कलायला लागलं होतं, होडीवाल्याला उजेडातच परतायचं होतं. मी एका दगडावर चढले आणि पुकारा सुरू केला. एकेकाने "हजर" म्हणायचं आणि होडीत चढायचं. एक नाव चुकलं नाही, की एका नावाला अडखळले नाही. शेवटी बोराशेठ चढले. मी दगडावरून उतरून होडीपाशी आले.

"मॅडम, बाबा बसंनात," होडीवाला म्हणाला.

साळवे पाण्यापासून चार पावलांवर उभे होते. शेठनी हाक मारली, "काका, चला ना, उशीर होतोय." त्यांनी मान हलवली. नाही. मला वाटलं, पाय दुखतोय, हात द्यावा. मी पुढे झाले, तर त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि मग स्वतःच्या छातीकडे. माझ्याकडे, आणि छातीकडे. मग मला समजलं. सगळ्यांचा पुकारा झाला होता, त्यांचा झाला नव्हता. आजवर तेच पुकारत आले, स्वतःला कशाला पुकारतील?

मी होडीकडे वळून विचारलं, "काकांचं पूर्ण नाव काय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेठनी फोन काढला. त्यात 'साळवे काका कोर्ट' असं होतं. वैशालीने मान खाली घातली. त्या माणसाला आमच्या प्रत्येकाच्या बापाचं नाव पाठ होतं आणि आम्हाला त्याचं स्वतःचं माहीत नव्हतं.

साळवे माझ्याजवळ आले, वाकले आणि कानाशी म्हणाले, "रंगनाथ भागाजी."

"अहो, बोलू नका," मी म्हटलं.

पण ते बोलतच राहिले, थांबत थांबत. "कोर्टात साळवे. तुमच्यात काका. बायको अवो म्हनायची, तिनं काय नाव घेतलं न्हाई कदी. पोरगं अप्पा म्हनतं. आख्खं नाव शाळंत मास्तरनी घेतलं, त्याच्यामागं कुनी न्हाई." श्वास घेऊन ते म्हणाले, "मी जन्मभर लोकांला बोलावलं, मॅडम. माजं कसं वाटतंय ते एकदा ऐकायचं हाय. आपरेशनच्या आदी."

मला रडू फुटलं. पण पुकारा रडत होत नाही, एवढं मी सायकल स्टँडवर शिकले होते. मी पुन्हा त्या दगडावर चढले, पोटावर हात ठेवला.

"रंगनाथ भागाजी साळवे, हाजिर हैऽऽ?"

ते डोळे मिटून उभे होते. उत्तर नाही.

"रंगनाथ भागाजी साळवे, हाजिर हैऽऽ?"

अजूनही उत्तर नाही. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात वर गेला नाही. तिसऱ्या वेळी मी जन्मात कधी ओरडले नव्हते तेवढी ओरडले.

"रंगनाथ भागाजी साळवे, हाजिर हैऽऽ?"

त्यांनी डोळे उघडले. बोलायचं नव्हतं, हात वर केला असता तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, "हजर." मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. होडीपर्यंत ते पोचलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी वळून त्यांना सांगितलं, "हजर आहेत."